मटारच्या दिवसांतली डॅन्यूब

मटार स्वस्त झाला की मला डॅन्यूब आठवते.

जानेवारीत आमच्या नोएडाच्या सेक्टरमध्ये सकाळी ठेलेवाला ओरडत येतो, "मटर ले लो, मीठी मटर!" त्याच्या ठेल्यावर बाकीच्या भाज्या नावापुरत्या असतात, उरलेला सगळा हिरवागार ढीग. मी भरपूर घेते. घरात माणसं मोजून तीन, पण दिल्लीत वाढलेल्या माणसाला हिवाळ्यात थोडासा मटार घेणं जमतच नाही. मग बाल्कनीत ऊन यायची वाट बघायची. इथलं ऊन बराच वेळ धुक्याशी हुज्जत घालत बसतं. ते एकदाचं आलं की पाय उन्हात आणि डोकं सावलीत येईल अशी खुर्ची लावायची, मांडीवर थाळा घ्यायचा आणि सोलायला बसायचं. पहिली शेंग फुटते, तो कच्चा, गोडसर, जरासा मातकट वास नाकात जातो आणि मी तिमारपूरच्या गच्चीवर पोचते.

दिल्लीतल्या तिमारपूरला आमचं सरकारी क्वार्टर होतं. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात होते. नद्यांच्या पाणीवाटपाच्या फायली त्यांच्या टेबलावर असायच्या. तरुणपणी सांगलीहून नोकरीसाठी दिल्लीला आले आणि इथलेच झाले. त्या गच्चीवरून एका बाजूला हिंदूराव हॉस्पिटलच्या टेकडीवरची झाडी दिसायची. तिथली माकडं भल्या सकाळी उतरून आमच्या वाळवणाची पाहणी करून जायची. आई होती तेव्हा ती काठी घेऊन बसायची. ज्या हिवाळ्याबद्दल मी सांगते आहे, तेव्हा आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. मी लग्न होऊन नोएडाला आले होते आणि मला पाचवा महिना होता.

माझा नवरा अभिषेक कानपूरचा. त्यामुळे आमच्या घरात हिंदी. मराठी बोलायची म्हणजे रविवारी तिमारपूरला जायचं. बाबा आदल्या संध्याकाळीच मटार आणून ठेवायचे. अभिषेक खाली सोफ्यावर क्रिकेट बघत बसायचा आणि आम्ही दोघं गच्चीवर सतरंजी टाकून, मधे वर्तमानपत्र पसरून सोलत बसायचो. बाजूला गाजरं, पेरू, मीठ-तिखटाची वाटी. बाबा पेरू मधोमध कापून त्यातला बरा अर्धा माझ्याकडे सरकवायचे. बोलणं असं फारसं व्हायचं नाही. आई गेल्यापासून आमच्या घरात बोलायला सुरुवात कोणी करायची हेच ठरत नव्हतं. ते काम नेहमी तिचं होतं.

अशाच एका रविवारी बाबांनी विचारलं, "मेधा, तुझे दिवस कधी भरतात?"

"मेच्या मध्यावर. का?"

बाबा सोललेले दाणे घेऊन वर्तमानपत्रावर एका ओळीत मांडायला लागले. एकेक दाणा नीट, बोटाने दाबून. बारा मांडले आणि म्हणाले, "मार्चमध्ये मला एवढे दिवस पुरतील. तोवर तुझा सातवा सुरू असेल. मी आलो की मग कुठेही जाणार नाही."

"पण जाताय कुठे? सांगलीला?"

"डॅन्यूब बघायला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बाबांनी आयुष्यात विमानाचा प्रवास एकदाच केला होता, तोही ऑफिसच्या कामासाठी गुवाहाटीपर्यंत. मी हसले. ते हसले नाहीत. एक लांबशी शेंग घेऊन त्यांनी दाण्यांच्या वर आडवी ठेवली आणि एकेका दाण्यावर बोट ठेवत गेले. "ही नदी. हे व्हिएन्ना. इथे ब्रातिस्लाव्हा. इथे नदी अशी वळते, तिथे बुडापेस्ट. आणि हे बेलग्रेड. चार देशांच्या चार राजधान्या, एकीच्याच काठावर. जन्मभर फायलींत वाचत आलो की एवढे देश एक नदी वाटून घेतात. आपल्याकडे दोन राज्यांना जमत नाही. एकदा बघून येतो कसं जमवतात ते."

"आणि कोण बरोबर?"

"कोणी नाही."

मी एक दाणा उचलून तोंडात टाकला. बाबा म्हणाले, "खाल्लास? गेलं माझं बेलग्रेड."

पुढचे दोन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. आता मागे वळून बघताना वाटतं, आई गेल्यानंतर आम्ही बापलेक एकमेकांशी खरं बोलायला लागलो ते त्या डॅन्यूबच्या निमित्ताने. मी लॅपटॉप घेऊन जायची आणि उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून आम्ही दोघं एका शालीखाली डोकं घालून तिकिटं बघायचो. शालीत मटाराचा आणि बाबांच्या खोबरेल तेलाचा वास असायचा. निवृत्तीचे पैसे अजून हातात आले नव्हते, म्हणून सगळं काटकसरीत बसवायचं होतं. वेळही तोकडा होता. मी म्हणायची, दोनच शहरं करा, आरामात. बाबा म्हणायचे, नदी अर्धी बघतात का? मी रात्रीच्या बसने गेलं तर एका मुक्कामाचे पैसे वाचतात म्हणून खूष व्हायची, तर बाबा म्हणायचे, मग रात्रीच्या काळोखात नदी कशी दिसणार? दिवसाची बस बघ. जाताना एका शहरात उतरून परतताना दुसऱ्याच शहरातून विमान पकडता येतं, हे कळल्यावर तर ते लहान मुलासारखे झाले. "म्हणजे मागे वळायचंच नाही? अरे वा! प्रवाहाबरोबर जायचं आणि पुढच्या पुढे घरी यायचं!"

स्वस्तात राहायचं तर होस्टेल. एका खोलीत आठ जण, लोखंडी पलंग एकावर एक. मला वाटलं, हे ऐकून तरी ते माघार घेतील. बाबांनी शांतपणे विचारलं, "लोअर बर्थ मिळेल ना?"

पाठीवरची सॅक घ्यायला आम्ही पहाडगंजला गेलो. दिल्लीत आल्यावर बाबांचा पहिला मुक्काम तिथेच होता, स्टेशनजवळच्या एका गल्लीत, चार मराठी मुलांच्या खोलीत. जाताना ते बोट दाखवत होते, इथे चहावाला होता, इथून आम्ही शनिवारी चालत कॅनॉट प्लेसला जायचो. तो बाजार तसाच होता, चामड्याच्या पिशव्या, उदबत्त्या, मोठमोठे रंगीत पायजमे, आणि गर्दीतून वाट काढणारी गोरी पोरं, पाठीवर स्वतःपेक्षा मोठं ओझं घेतलेली. बाबा एका मुलीकडे बघत थांबले. ती एकटीच होती. हातात नकाशा, कपाळाला आठ्या, आणि तरी चेहऱ्यावर मजेत असल्यासारखं काहीतरी.

"मी नवीन होतो तेव्हा यांना बघून वाटायचं, यांना घरदार नाही का?" ते म्हणाले. "रोज ऑफिसला जाताना हीच माणसं. पुढे पुढे यांचा हेवा वाटायला लागला. कोणाला सांगितलं नाही. तुझ्या आईलाही नाही."

दुकानदाराने सॅक काढून दिली. "बेटे के लिए, अंकल?"

"नहीं, मेरे लिए."

त्याने बाबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आधीची सॅक आत ठेवली आणि दुसरी काढली. "तो फिर ये लीजिए. इसमें कमर पे बेल्ट है. कंधा बच जाएगा."

बाबांनी ती पाठीवर चढवली, बेल्ट लावला आणि दुकानातल्या अरुंद आरशात वळून वळून बघितलं. आई असती तर काय म्हणाली असती ते आम्हा दोघांच्याही मनात त्याच क्षणी आलं असणार, कारण आम्ही एकदमच हसलो.

एवढं सगळं होत होतं. मी त्यांच्या बसेस शोधत होते, व्हिसाचे कागद लावत होते, आणि मनात म्हणत होते, व्हिसा मिळू नये. रात्री पोटातलं बाळ हालचाल करायचं आणि मला आईची इतकी आठवण यायची की उशी चावावीशी वाटायची. माहेर म्हणजे आता एकटे बाबा, आणि तेही चालले. एका रविवारी ते फुटलंच. मी म्हटलं होतं, तिथल्या मराठी मंडळींच्या ओळखी काढते, प्रत्येक गावात कोणीतरी तुम्हाला भेटेल, जेवायला घालेल. बाबा म्हणाले, "नको."

"का नको? तब्येत बिघडली तर?"

"बिघडली तर बघू. पण कोणी मला घ्यायला येणार, कोणी विचारणार की अजून एक पोळी घ्या, त्यासाठी एवढ्या लांब कशाला जाऊ?"

"बाबा, सातव्या महिन्यात कोणता बाप मुलीला सोडून जातो? मला आई नाहीये!"

खालून क्रिकेटचा गलका आला आणि विरला. बाबांनी हिंदूरावच्या झाडीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "सांगलीच्या घरात आम्ही अकरा माणसं. इथे खोलीत चार. मग तुझी आई, मग तू. ऑफिसात तर एकटं असायचा प्रश्नच नाही. मी एकटा कधी नव्हतोच, मेधा. आता आहे, पण हे माझ्यावर येऊन पडलेलं आहे. घरी आलो की कुलूप मीच काढतो, दिवा मीच लावतो. त्याची मला भीती बसली आहे. एकदा मला आपणहून एकटं राहून बघायचंय. थोडेच दिवस. जमलं तर ही भीती जाईल. मे महिन्यानंतर मी आजोबा होणार, मग मला मरेपर्यंत आजोबाच राहायचंय. त्याच्या आधी थोडे दिवस कोणाचाच कोणी नसेन."

मी दिल्लीत वाढलेली, माझी मराठी घरातल्या वस्तूंपुरती, भाजी-पोळीपुरती. असल्या बोलण्याला उत्तर द्यायचे शब्द माझ्याकडे नव्हतेच. हिंदीत म्हटलं, "अच्छा." आणि पुन्हा सोलायला लागले. त्यांनी पेरूचा अर्धा माझ्याकडे सरकवला. बराच मोठा अर्धा होता तो.

त्याच दिवशी केव्हातरी त्यांनी मला 'थडी' हा शब्द शिकवला. बुडापेस्टचे दोन भाग आहेत, बुडा या काठाला आणि पेस्ट त्या काठाला, असं मी वाचून दाखवत होते. बाबा म्हणाले, "म्हणजे एक ऐलथडीला, एक पैलथडीला."

"थडी म्हणजे?"

"काठ गं. कृष्णेला पूर आला की आम्ही म्हणायचो, नदी दुथडी भरून वाहतेय." त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवलं. त्यांना पूर एवढा स्पष्ट आठवत होता की मलाही क्षणभर त्या गच्चीवर पाणी दिसलं.

व्हिसा मिळाला. व्हिसा केंद्राच्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं होतं, "सर, अकेले जा रहे हैं? किस लिए?" बाबा म्हणाले, "नदी देखनी है." तिने थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "टूरिज्म लिख दूँ?" हे सांगताना बाबा इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं.

मटार महाग झाला, वाल आणि फरसबी दिसायला लागली, सेमल, म्हणजे आपली काटेसावर, फुलली आणि बाबा गेले. विमानतळावर ते काचेच्या दारातून आत शिरले तेव्हा त्यांची ती निळी सॅक माणसांच्या वर उंच दिसत राहिली. अभिषेक म्हणाला, "पापा तो हीरो लग रहे हैं." मला हसू आलं आणि मग घरी पोचेपर्यंत मी गाडीत रडत होते.

व्हिएन्नाहून फोन आला. नदी शहराच्या मधून नाही, जरा कडेने जाते म्हणून बाबा नाराज होते. निळी तर मुळीच नाही, म्हणाले, आपल्या कृष्णेसारखीच मातकट. होस्टेलमधल्या एका कोरियन मुलाने त्यांना खालचा पलंग दिला आणि बदल्यात त्यांच्याजवळचं भडंग खाऊन संपवलं. ब्रातिस्लाव्हाला पाऊस होता, तरी ते पुलावरून त्या काठाला जाऊन आले. फोनवरचा आवाज दर वेळी थोडा वेगळा वाटायचा. कुठे घाई नव्हती. वाक्याच्या मधे थांबायचे, बहुधा काहीतरी बघत असायचे.

ते बुडापेस्टला पोचले त्या दिवशी दुपारी माझं पोट दुखायला लागलं. आधी मी दुर्लक्ष केलं. मग पोट दगडासारखं घट्ट व्हायला लागलं, सुटायचं, पुन्हा घट्ट. अभिषेक ऑफिसातून धावत आला. डॉक्टरांनी तपासून ठेवून घेतलं. इंजेक्शनं दिली, सलाईन लावली, म्हणाले, वेळेआधी कळा सुरू व्हायला लागल्या आहेत, थांबतील असं वाटतंय, पण दोन दिवस इथेच राहा, हलायचं नाही. संध्याकाळपर्यंत कळा मंदावल्या. मी छताकडे बघत पडले होते. बाजूच्या पलंगावरच्या बाईची आई तिचे पाय चोळत होती.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. अभिषेकने माझ्याकडे बघितलं. "न बताएँ?" त्याने ओठांनीच विचारलं. मी फोन हातात घेतला. खोटं बोलायचं मनात होतं. पण त्यांनी 'कशी आहेस' म्हणून विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हटलं, "आता बरं आहे, बाबा. डॉक्टर म्हणतात थांबलंय. तुम्ही येऊ नका."

पलीकडे ट्रामची घंटा वाजली. माणसांचे आवाज आले.

"बाबा?"

"ऐकतोय," ते म्हणाले. "मला जरा विचार करू दे. करतो फोन."

आणि त्यांनी फोन ठेवला. माझ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. मला ताप आला तर बाबा रजा टाकायचे, माझी परीक्षा असली की ते थर्मास घेऊन शाळेबाहेर उभे राहायचे. विचार करायला त्यांना वेळ लागला नव्हता कधी. मी फोन छातीवर ठेवून पडून राहिले. सलाईनचे थेंब पडत होते. मला राग आला, मग लाज वाटली, मग पुन्हा राग आला. ते येतील, असं मी स्वतःला सांगत होते, आणि ते आले तर काय वाटेल याचीही मला भीती वाटत होती.

तासाभराने फोन वाजला.

"मी पुढे जातोय, मेधा," बाबा म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "उद्या बेलग्रेडला. सकाळ-संध्याकाळ फोन करीन. डॉक्टर काही वेगळं म्हणाले तर मिळेल त्या विमानाने निघेन. जरा अभिषेककडे दे."

अभिषेकशी ते बराच वेळ हिंदीत बोलत होते. त्याने फोन ठेवला तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून रडत होते. त्याने विचारलं, "बुरा लगा?" मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, त्याला कळलं नाही, मलाही. पण त्या रात्री मला गाढ झोप लागली. आई गेल्यापासून तशी लागली नव्हती. कुठेतरी हे पोचलं होतं की एक माणूस मला इतकी खंबीर समजतो की माझ्याकडे पाठ करून नदीच्या काठाने पुढे चालू शकतो.

कळा थांबल्या. मला घरी सोडलं. बाबांनी सकाळ-संध्याकाळ फोन केले. बेलग्रेडला एका किल्ल्याखाली दुसरी एक नदी येऊन डॅन्यूबला मिळते. तिथल्या कट्ट्यावर ते एक आख्खा दिवस बसले. काय केलंत, असं विचारलं तर म्हणाले, काही नाही. एका म्हाताऱ्याने बोलायचा प्रयत्न केला, भाषा जुळेना, मग दोघं नुसतेच पाण्याकडे बघत बसले. भूक लागली तेव्हा उठलो, म्हणाले. इथे एकट्याची खोली घेतली होती, संध्याकाळी तिथे परतलो, कुलूप काढलं, दिवा लावला. एवढंच सांगितलं आणि थांबले.

ते परत आले तेव्हा काळवंडले होते आणि थोडे बारीक झाले होते. विमानतळावर त्यांनी आधी माझ्या पोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. हॉस्पिटलचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही. मुलगी वेळेवर झाली, ऐन उन्हाळ्यात, छान खणखणीत रडत. बाबांनी तिमारपूरचं क्वार्टर सोडलं आणि आमच्या शेजारच्या सेक्टरमध्ये दोन खोल्या घेतल्या. तिथे ते आजही राहतात. गुडघे दुखतात आता. पुन्हा परदेशी गेले नाहीत, जायचं नावही काढत नाहीत. ती निळी सॅक आता नातीच्या सहलीला जाते.

पण मुलगी काही महिन्यांची असताना, एका संध्याकाळी, ती त्यांच्या मांडीवर झोपली होती आणि घरात आम्ही दोघंच होतो, तेव्हा मी विचारलं, "बाबा, त्या दिवशी बुडापेस्टला फोन ठेवल्यावर तासभर काय करत होतात?"

त्यांना लगेच कळलं. बाळाच्या कपाळावरची एक माशी हाकलत ते म्हणाले, "आधी परतीचं विमान कधी आहे ते विचारून आलो. दुसऱ्या दिवशी पहाटेचं होतं. मग पुलावर जाऊन उभा राहिलो आणि तुझं ते 'येऊ नका' पुन्हा पुन्हा आठवून बघितलं."

"म्हणजे?"

"तुझी आई जन्मभर मला म्हणत आली, मी ठीक आहे, तुम्ही जा. शेवटच्या आजारातही म्हणाली, आणि मी ऑफिसला गेलो. मला वाटायचं, माणूस म्हणतं तेच त्याच्या मनात असतं. तिच्या मनात दुसरंच असायचं, हे मला फार उशिरा कळलं." ते थांबले. "तू तिच्यासारखं म्हणालीस की माझ्यासारखं, ते मला ठरवायचं होतं. तासभर लागला. मग वाटलं, नाही, ही माझ्यासारखी आहे. हिला नको असतं तेव्हा ही नको म्हणते. म्हणून गेलो पुढे." मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "बरोबर होतं ना?"

"बिल्कुल," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर त्या वेळी, त्या पलंगावर, मी 'येऊ नका' कोणासारखं म्हणाले होते, ते मला माहीत नव्हतं. ते बाबांनी तिथे पुलावर उभं राहून ठरवलं, आणि त्या दिवसापासून मी तशी झाले.